संगणकाच्या पेटीतील वाऱ्याची वाट

संगणक जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पंपाला दिलेल्या विजेतून पाणी उचलले जाते आणि दिव्याला दिलेल्या विजेचा काही भाग प्रकाशात जातो. प्रोसेसरमध्ये मात्र आकडेमोड कितीही गुंतागुंतीची असली तरी तिच्यातून कोणतेही यांत्रिक काम निष्पन्न होत नाही, आणि ट्रान्झिस्टरांच्या उघडझाकीत खर्च झालेला प्रत्येक वॅट सिलिकॉनच्या त्या लहानशा तुकड्यातच उष्णता होऊन साचू लागतो. इंटेलच्या कोअर आय ९-१४९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट आणि कमाल शक्ती २५३ वॅट अशी कंपनीने जाहीर केलेली आहे, आणि ही सारी उष्णता सुमारे अडीच चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमधून निघते. म्हणजे पूर्ण भारावर दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते. घरातील हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळाशी हेच प्रमाण दहा वॅटही भरत नाही. या प्रोसेसरची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. ती गाठली गेली की तो स्वतःचा वेग आपोआप उतरवतो, ज्याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि पैसे मोजून घेतलेली गती वापरकर्त्याला मिळेनाशी होते.

ही उष्णता खोलीतील हवेपर्यंत तीन टप्प्यांनी पोहोचते. सिलिकॉनपासून धातूच्या झाकणातून आणि थर्मल पेस्टच्या पातळ थरातून हीटसिंकपर्यंत, म्हणजे पातळ पत्र्यांच्या दाट रांगा असलेल्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यापर्यंत, ती वहनाने जाते. हीटसिंकच्या पत्र्यांवरून वाहणारी हवा ती उचलून कॅबिनेटमध्ये सोडते. आणि कॅबिनेटमधील तापलेली हवा बाहेर काढून तिच्या जागी खोलीतील हवा आणण्याचे काम कॅबिनेटवर बसवलेले पंखे करतात. प्रत्येक टप्प्यावर तापमानाची एक पायरी चढते आणि या पायऱ्यांची बेरीज खोलीच्या तापमानात मिळवली की प्रोसेसरचे तापमान येते. ग्राहक पहिल्या दोन टप्प्यांवर, म्हणजे महागड्या हीटसिंकवर किंवा पाण्याने थंड करणाऱ्या यंत्रणेवर, सढळ हाताने खर्च करतो आणि तिसरा टप्पा कॅबिनेट बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडतो. कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर हीटसिंक कितीही उत्तम असला तरी त्याची सुरुवातच १५ अंश वरून होते. शिवाय ज्यांना स्वतःचा पंखा नसतो असे मदरबोर्डवरील व्होल्टेज नियंत्रकांचे भाग, मेमरी, एनव्हीएमई ड्राइव्ह आणि कपॅसिटर हे सगळे त्याच हवेत भाजून निघतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी उतरले की साधारण दुप्पट होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधील जुना आडाखा येथे लक्षात घेण्यासारखा आहे.

किती हवा लागते, हा प्रश्न साध्या अंकगणिताने सुटतो. उन्हाळ्यातील एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१५ किलो असते आणि ती एका अंशाने तापवायला साधारण ११५० जूल उष्णता लागते. यावरून १०० वॅट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान १० अंशांपेक्षा अधिक वाढू द्यायचे नसेल, तर दर सेकंदाला सुमारे ८.७ लिटर हवा पेटीतून जायला हवी. पंख्यांच्या खोक्यावर प्रवाह घनफूट प्रति मिनिट, म्हणजे सीएफएम, या एककात छापलेला असतो. त्या हिशेबात हे १८ सीएफएमच्या आसपास येते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि इतर भाग मिळून ४०० वॅट वापरणाऱ्या, खेळांसाठी किंवा चित्रफितींच्या संपादनासाठी बांधलेल्या संगणकाला याच हिशेबाने ७३ सीएफएम पुरतात. प्रवाह दुप्पट केला तर ही वाढ १० अंशांवरून ५ वर येते, आणखी दुप्पट केला तर अडीचवर. म्हणजे पहिल्या ७३ सीएफएमनंतर तेवढीच आणखी भर घातल्याने ५ अंश कमी होतात, पण त्यापुढचे अडीच अंश मिळवायला १४६ सीएफएम जास्तीचे ओतावे लागतात. थोडक्या हवेपासून पुरेशा हवेपर्यंतचा प्रवास अतिशय फायद्याचा असतो आणि पुरेशा हवेपासून भरमसाट हवेपर्यंतचा प्रवास जवळपास निरर्थक असतो, हे एकदा आकड्यांत दिसले की नऊ-दहा पंखे लावलेल्या झगमगत्या कॅबिनेटांचे आकर्षण बरेच ओसरते.

अडचण अशी की खोक्यावर छापलेला प्रवाह पंख्याकडून प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. तो आकडा समोर किंवा मागे कोणताही अडथळा नसताना मोजलेला असतो. त्याच्याच शेजारी स्थिर दाबाचा आकडा असतो, जो हवेची वाट पूर्ण बंद असताना पंखा किती जोर लावू शकतो ते सांगतो आणि पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये दिला जातो. चांगल्या प्रतीचा १२० मिलिमीटरचा पंखा मोकळ्या हवेत ६० सीएफएम आणि पूर्ण अडवल्यावर २ मिलिमीटरच्या आसपास दाब देतो. ही दोन टोके आहेत, आणि पंखा काम करतो तो त्यांच्या मधल्या कोणत्या तरी बिंदूवर. तो बिंदू कुठे पडेल हे पंख्यापेक्षा कॅबिनेट ठरवते. पुढे बारीक जाळीचे धूळरोधक, त्याच्यासमोर सलग काच, काचेच्या कडेने बोटभर फट, आत केबलींचा गुंता अशी वाट असेल, तर ६० सीएफएमचा पंखा त्याच्या निम्मेही देऊ शकत नाही आणि वेग वाढवला तर अडलेल्या हवेचा आवाज तेवढा वाढतो. गेल्या काही वर्षांत दर्शनी भागावर सलग काच लावलेली कॅबिनेटे दिसायला देखणी म्हणून फार खपली. थंडाव्याच्या दृष्टीने ती निवड वाईट होती, असेच म्हणावे लागते. तेवढ्याच किमतीतील, पुढे मोकळी जाळी असलेले कॅबिनेट तेच पंखे घेऊन अधिक थंड आणि अधिक शांत राहते.

पंखे कुठे बसवावेत याचा सर्वमान्य नियम असा की हवा पुढून आणि खालून आत यावी, मागून आणि वरून बाहेर जावी. त्याचे कारण म्हणून गरम हवा वर जाते हे सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. कॅबिनेटमधील हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम असेल आणि पेटीची उंची ४० सेंटिमीटर धरली, तर हलक्या हवेमुळे मिळणारा दाब ०.१५ पास्कल एवढाच भरतो, आणि वर उल्लेखलेला पंखा पूर्ण वेगाला २० पास्कलच्या आसपास दाब देऊ शकतो. वेग एकतृतीयांश केला तरी पंख्याचा दाब त्या नैसर्गिक ओढीच्या सुमारे पंधरापट राहतो. नियमाचे खरे कारण संगणकाच्या रचनेत आहे: मनोऱ्यासारख्या उभ्या हीटसिंकवरचा पंखा हवा मागच्या दिशेने फेकतो, मागच्या भिंतीवरचा पंखा ती लगेच उचलतो, आणि ग्राफिक्स कार्ड खालच्या निम्म्या भागात असल्यामुळे त्याला ताजी हवा पुढच्या खालच्या किंवा तळाच्या पंख्याकडूनच मिळते. पुढून मागे जाणारा हा सरळ प्रवाह मोडेल असा कोणताही पंखा, मग तो कितीही दमदार असो, तोट्याचा ठरतो.

असा तोट्याचा पंखा बहुधा कॅबिनेटच्या छतावर पुढच्या बाजूला बसवलेला सापडतो. तेथून हवा बाहेर काढली की पुढच्या पंख्याने नुकतीच आणलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच वर खेचली जाते. छतावरचा मागचा पंखा मात्र हीटसिंकच्या वर आणि पलीकडे असल्यामुळे तापलेलीच हवा उचलतो. म्हणून छताला दोन जागा असल्या तर मागची वापरून पुढची रिकामी ठेवणे शहाणपणाचे आहे. ग्राफिक्स कार्डाचा विचार वेगळा करावा लागतो, कारण आजची बहुतेक कार्डे दोन-तीन उघड्या पंख्यांची असतात आणि स्वतःची उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतात. जुन्या धाटणीची, एका ब्लोअरने हवा थेट मागच्या फटींतून बाहेर फेकणारी कार्डे गोंगाट करत, पण पेटी तापवत नसत. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या २०२२ च्या कार्डाची शक्ती ४५० वॅट आहे, म्हणजे ते पूर्ण भारावर असताना पेटीतील सर्वांत मोठी शेगडी तेच असते, आणि तळाशी आत घेणारा एक पंखा अशा कार्डाला जेवढा उपयोगी पडतो तेवढा छतावरचा पडत नाही. पंखा बसवताना दिशा ओळखण्याची खूण सोपी आहे: पात्यांची मोकळी बाजू हवा ओढते आणि मोटरला धरून ठेवणारे दांडे ज्या बाजूला असतात तिकडून हवा बाहेर पडते. ही खूण न पाहता बसवलेला उलटा पंखा जोडणीनंतर महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवली तर पेटीत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब राहतो आणि उरलेली हवा फटींतून बाहेर पडते. याला धनदाब म्हणतात. उलट रचनेत, म्हणजे ऋणदाबात, हवा प्रत्येक फटीतून, युएसबीच्या खाचांतून आणि स्लॉटच्या पट्ट्यांतून आत ओढली जाते, आणि तिच्यासोबत जाळीतून न गाळलेली धूळही येते. दोहोंत तापमानाचा फरक फारसा पडत नाही, धुळीचा पडतो. पुढे दोन आणि मागे एक अशी तीन पंख्यांची साधी मांडणी धनदाबाकडे झुकते आणि घरगुती वापराच्या बहुतेक संगणकांना पुरते.

वाऱ्याची ही वाट आखताना मोठमोठ्या कंपन्याही चुकलेल्या आहेत. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हा मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) यांच्या मापांचा आराखडा आणला, तेव्हा सुरुवातीची कल्पना अशी होती की एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी, म्हणजे एका पंख्यात दोन कामे होतील. पण ती हवा एसएमपीएसमधून येतानाच तापत असे, आणि पुढे तो पंखा हवा बाहेर फेकणारा झाला. पेंटियम ४ मालिकेतील प्रेस्कॉट प्रोसेसर २००४ मध्ये ११५ वॅटपर्यंत पोहोचले तेव्हा इंटेलने बीटीएक्स हा नवा आराखडा पुढे केला, ज्यात प्रोसेसर अगदी पुढे, हवेच्या तोंडाशी बसवून सगळे गरम भाग एका सरळ रेषेत आणले होते. वाऱ्याच्या दृष्टीने तो एटीएक्सपेक्षा सरस होता. तथापि लवकरच कमी वीज खाणारे कोअर २ प्रोसेसर आले, निकड ओसरली आणि सगळी जुनी मापे बदलण्याची कोणाची तयारी नसल्यामुळे बीटीएक्स मागे पडला.

ॲपलच्या संगणकांचा इतिहास याहून बोलका आहे. २००२ चा पॉवर मॅक जी ४ इतका घोंघावत असे की वापरणाऱ्यांनी त्याला वाऱ्याचा बोगदा असे नाव पाडले होते. पुढच्याच वर्षी आलेल्या पॉवर मॅक जी ५ मध्ये पंखे एकदम नऊ होते, आणि तरीही तो शांत होता, कारण पेटीचे चार स्वतंत्र कप्पे पाडून प्रत्येक कप्प्याची उष्णता त्याच्यापुरत्या पंख्यांकडे सोपवली होती आणि प्रत्येक पंखा त्या कप्प्याच्या गरजेइतकाच फिरत असे. २०१३ च्या नळकांड्यासारख्या मॅक प्रोने उलट टोक गाठले: मध्ये एक त्रिकोणी हीटसिंक, त्याच्या तीन बाजूंना प्रोसेसर आणि दोन ग्राफिक्स कार्डे, वर एकच मोठा पंखा. ती रचना देखणी आणि शांत होती, पण उष्णतेची विभागणी तीन बाजूंना सारखी होईल हे गृहीत धरलेली. बाजार एकाच पण दांडग्या ग्राफिक्स कार्डाकडे वळला तेव्हा तिला वाढायला जागाच उरली नाही, आणि आपण उष्णतेच्या बाबतीत स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतले हे कंपनीने २०१७ मध्ये उघडपणे मान्य केले. २०१९ चा मॅक प्रो पुन्हा उभी पेटी, पुढे तीन मोठे पंखे आणि पुढून मागे जाणारा सरळ वारा याच जुन्या मांडणीकडे परतला.

पंख्याच्या वेगाचे गणित मांडणीइतकेच महत्त्वाचे आहे. अभियांत्रिकीतील पंख्यांच्या नियमांनुसार हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. आवाजाची वाढ याहून तीव्र असते: वेग दुप्पट केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो, आणि १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते. याउलट तेवढ्याच आवाजाचा दुसरा पंखा शेजारी लावला तर भर पडते ती केवळ ३ डेसिबलची. म्हणून एक पंखा मिनिटाला २००० फेऱ्यांवर फिरवण्याऐवजी तसेच दोन पंखे शेजारी शेजारी १००० फेऱ्यांवर फिरवले, तर मोकळ्या हवेतील एकूण प्रवाह तेवढाच राहतो, आवाज सुमारे १२ डेसिबलने उतरतो आणि वीज एकचतुर्थांश लागते. मोठा पंखा घेण्याचा फायदाही याच जातीचा आहे. एकाच घडणीच्या पंख्यांत प्रवाह व्यासाच्या घनाप्रमाणे वाढत असल्यामुळे १४० मिलिमीटरचा पंखा त्याच वेगाला १२० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा दीडपटीहून थोडी अधिक हवा देतो. मात्र दाब वर्गाच्या प्रमाणात घटतो हेही विसरता येत नाही: निम्म्या वेगाला दाब चतुर्थांश उरतो, आणि दाट जाळीमागे किंवा पाण्याच्या रेडिएटरवर बसवलेला संथ पंखा नुसता फिरत राहतो, हवा पुढे सरकत नाही. संथ पंख्यांचा शांत संगणक हवा असेल तर आधी वाट मोकळी करावी लागते.

वेग बदलण्याच्या दोन पद्धती आहेत. तीन तारांच्या पंख्याला दिला जाणारा १२ व्होल्टचा पुरवठा कमी करून त्याचा वेग उतरवतात, पण फार खाली गेल्यास तो सुरूच होत नाही. चार तारांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळत राहतात आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत येतो. त्यातील चालू काळाचे प्रमाण वेग ठरवते. ही वारंवारता माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडची, म्हणून तिची गुणगुण ऐकू येत नाही. किती तापमानाला किती वेग हे मदरबोर्डच्या बायोसमध्ये आलेखाच्या रूपाने ठरवता येते, आणि येथे एक चूक फार पसरलेली आहे: कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेले असतात. एखादे पान उघडताना प्रोसेसर सेकंदाच्या अंशात वीस अंश चढून उतरतो, त्याबरोबर पंखे क्षणभर घोंघावून थांबतात आणि त्या घोंघावण्याने पेटीतील हवेत काहीही फरक पडत नाही, कारण ती तापायला मिनिटे लागतात. बायोसमध्ये पंख्याच्या प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब देता येतो, आणि काही मदरबोर्डांवर तापमानाचा स्रोतही बदलता येतो. खेळांसाठीच्या संगणकात कॅबिनेटचे पंखे ग्राफिक्स कार्डाच्या किंवा मदरबोर्डच्या तापमानाला बांधणे अधिक सयुक्तिक ठरते. साध्या कामाला ५०० ते ७०० फेरे आणि दीर्घ भाराला १००० ते १२०० फेरे, मधली चढण सावकाश, अशी आखणी १२० मिलिमीटरच्या पंख्यांना बहुधा मानवते.

महाराष्ट्रात या हिशेबाला हवामानाची जोड द्यावीच लागते. खोलीचे तापमान जेवढ्या अंशांनी वाढते, सगळ्या भागांची तापमाने जवळपास तेवढ्याच अंशांनी वर सरकतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि घरातली हवा चाळिशीला टेकते, तेव्हा २२ अंशांच्या प्रयोगशाळेत मोजलेले सगळे आकडे १८ अंशांनी वाढवून वाचावे लागतात. हे अंतर कोणताही पंखा भरून काढू शकत नाही, कारण पंखा हवा हलवतो, थंड करत नाही. खिडकीतला वाळ्याचा कूलर खोली दहा अंशांनी उतरवतो तेव्हा प्रोसेसरही दहा अंशांनी उतरतो, आणि दमट हवेमुळे आत पाणी धरण्याची भीती चालू संगणकाला नसते, कारण त्यातील प्रत्येक भाग भोवतालच्या हवेपेक्षा गरमच असतो. मात्र कूलरचे तुषार थेट पेटीवर येणार नाहीत एवढे पाहावे लागते. कोकणात आणि गोव्यात प्रश्न खारट दमट हवेचा आहे, ज्यात हीटसिंकवर बसलेली धूळ ओली होऊन चिकटते आणि नुसत्या ब्रशने निघत नाही. आणि सर्वत्र आढळणारा शत्रू म्हणजे संगणकासाठी खास कप्पा असलेले लाकडी टेबल: तीन बाजूंनी बंद अशा कप्प्यात मागून बाहेर पडलेली गरम हवा कडेने फिरून पुढून पुन्हा आत ओढली जाते, आणि पेटीतील उत्तम मांडणी व्यर्थ जाते. कप्प्याची मागची फळी काढून टाकणे किंवा कॅबिनेट कप्प्याबाहेर आणून चार बोटे उंच पाटावर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय कित्येकदा नव्या पंख्यापेक्षा अधिक अंश उतरवतो. पाटाचा आणखी एक फायदा असा की तळातून हवा घेणाऱ्या एसएमपीएसचे तोंड सतरंजीने किंवा गालिच्याने बुजत नाही.

कोणताही बदल करण्याआधी आणि नंतर मोजमाप केले नाही तर सुधारणा झाली की भास झाला हे कळत नाही. खोलीचे तापमान, मागच्या पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान आणि संगणकातील संवेदक दाखवतात ते प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचे तापमान, असे आकडे अर्धा तास एकसारखा भार दिल्यावर नोंदवावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हवेची दिशा पाहायची असेल तर फटींजवळ बाहेरच्या बाजूने धरलेल्या उदबत्तीचा धूर ती लख्ख दाखवतो. बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा १२-१५ अंशांनी गरम असेल तर पेटीला हवा कमी पडते आहे; याची खातरजमा करण्यासाठी बाजूचे झाकण काढून पाहावे, आणि तापमान पाच-सात अंशांनी घसरले तर पुढची जाळी, धूळरोधक आणि पंख्यांच्या जागा तपासाव्यात. झाकण कायमचे उघडे ठेवणे हा उपाय नाही, कारण मग धूळ सगळीकडून शिरते. तपासताना केवळ प्रोसेसरच्या आकड्यावर भिस्त ठेवूनही चालत नाही: एएमडीचे २०२२ चे रायझन ७००० मालिकेतील वरच्या श्रेणीचे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाऊन तेथेच काम करत राहतील असेच घडवलेले आहेत, आणि त्यांच्या बाबतीत थंडावा सुधारला की तापमान उतरण्याऐवजी त्याच तापमानाला गती थोडी वाढलेली दिसते. आणि बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा चार-पाच अंशांनीच गरम, झाकण काढूनही फरक नाही, पण प्रोसेसर मात्र मर्यादेला टेकून गती हरवतो आहे, असे चित्र दिसले तर दोष वाऱ्याच्या वाटेत नसून पहिल्या टप्प्यात, म्हणजे वाळून गेलेल्या थर्मल पेस्टमध्ये किंवा नीट न आवळलेल्या हीटसिंकमध्ये असतो, आणि तेथे आणखी पंखे लावण्याऐवजी हीटसिंक उतरवून, जुनी पेस्ट पुसून ती नव्याने लावावी लागते.